स्टिल्टन, चेडर, कॉर्निश पेस्टी : गावाच्या नावाच्या पदार्थांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लेस्टरमधल्या शाळेच्या स्वयंपाकघरातल्या माझ्या नोकरीबद्दल लिहिलं होतं. इंग्लंडमध्ये गावागावाच्या नावानं ओळखले जाणारे किती पदार्थ आहेत, याचा त्यात ओझरता उल्लेख होता. त्यावर सांगली, मिरज, तासगाव, विट्याकडून भरपूर पत्रं आली. पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न या वेळी घेते.

प्रश्न : ताई, स्टिल्टन नावाचं चीज स्टिल्टन गावात बनवायला कायद्यानं मनाई आहे, असं वाचलं. हे खरं आहे का? असं कसं होऊ शकतं? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, विटा)

खरं आहे. तुझा प्रश्न मी मुद्दाम पहिला घेतला, कारण हे एक नीट कळलं की बाकीचं बरंच सोपं होतं.

स्टिल्टन हे केंब्रिजशरमधलं लहानसं गाव. लंडनहून यॉर्क आणि पुढे एडिंबराकडे जाणारा जुना 'ग्रेट नॉर्थ रोड' या गावातून जायचा. घोडागाड्या इथं थांबायच्या, घोडे बदलले जायचे, प्रवासी जेवून पुढे निघायचे. अठराव्या शतकात इथल्या 'बेल इन' या खाणावळीचा मालक कूपर थॉर्नहिल प्रवाशांना निळ्या शिरांचं चीज विकायचा. त्याच्याकडे माल यायचा तो लेस्टरशरच्या बाजूनं. वायमंडम गावच्या फ्रान्सिस पॉलेट या बाईंचं नाव त्या संदर्भात आजही घेतलं जातं. प्रवासी लंडनला पोचून सांगायचे की हे स्टिल्टनला मिळालं. तेच नाव चिकटलं. १७२४ मध्ये डॅनियल डिफो या इंग्रज लेखकानं आपल्या प्रवासवर्णनात स्टिल्टनचा उल्लेख चीजसाठी प्रसिद्ध गाव असाच केला आहे.

१९९६ मध्ये या नावाला युरोपचं कायदेशीर संरक्षण मिळालं. डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर या तीनच परगण्यांत, तिथल्याच दुधापासून केलेल्या चीजला स्टिल्टन म्हणता येतं. केंब्रिजशर त्यात नाही, म्हणून खुद्द स्टिल्टन गाव बाहेर राहिलं. आमच्या गावातही पूर्वी चीज व्हायचं, असं म्हणत गावाकडून परवानगी मागितली गेली होती. सरकारनं ती नाकारली. बेल इन मात्र अजून उभी आहे.

नियम नुसते नकाशाचे नाहीत. चीज उभ्या गोल ठोकळ्याचं हवं, त्यावर वजन ठेवून दाबायचं नाही, दूध पाश्चराइझ केलेलंच हवं. नॉटिंगहॅमशरमध्ये एक डेअरी त्याच धर्तीचं चीज कच्च्या दुधापासून करते. त्यांना स्टिल्टन हे नाव लावता येत नाही, ते 'स्टिचल्टन' या नावानं विकतात.

लेस्टरशरमधल्या एका डेअरीत शाळेच्या मुलांबरोबर मला जायला मिळालं होतं. लाकडी फळ्यांवर खरखरीत पाठीचे ठोकळे ओळीनं मांडलेले. एकेक ठोकळा यंत्राच्या बैठकीवर ठेवायचा, चारी बाजूंनी स्टीलच्या लांब सुया आत जायच्या आणि बाहेर यायच्या. बस, एवढंच. बुरशी दुधात आधीच घातलेली असते, पण हवेशिवाय ती वाढत नाही. सुयांच्या भोकांतून हवा आत गेली की निळ्या शिरा धरायला लागतात. खोलीत असा उग्र दर्प होता की अर्ध्या पोरांनी नाकाला स्वेटर लावले.

आता आपल्या सांगलीकडे बघ. हळदीची पेठ म्हणून सांगलीचं नाव देशभर आहे. कृष्णाकाठच्या हरिपूरला जमिनीत खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं ठेवली जायची. २००५ च्या महापुरानं त्यातली कितीतरी पेवं निकामी केली. पण मार्केट यार्डात सौद्याला येणारी सगळी पोती सांगली जिल्ह्यातली असतात का? नाही. मराठवाड्यातून येतात, कर्नाटकातून येतात, तेलंगणातून येतात. इथं हळकुंडांची प्रतवारी होते, भाव फुटतो, आणि माल 'सांगली हळद' म्हणून पुढे जातो. स्टिल्टनच्या खाणावळीत घडलं ते हेच.

विकणाऱ्या गावानं नाव कमावलं तर त्यात मला काहीच गैर वाटत नाही. चोख वजन, चोख पैसा, माल ओळखणारी नजर या गोष्टी पिढ्यान् पिढ्या जपाव्या लागतात. पण पिकवणाऱ्याचं गाव त्यात पुसलं जाऊ नये. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आता तरी पाकिटावर 'सांगली' वाचल्यावर ती इथं पिकली की इथं विकली, हे गिऱ्हाइकाला कळायला हवं. तू हा विषय प्रकल्पासाठी घेणार असशील तर सौद्याच्या दिवशी सकाळी यार्डात जा आणि अडत्यांना विचार. ते भरभरून सांगतात.

प्रश्न : सांगलीच्या दुकानात 'चेडर' लिहिलेलं भारतीय चीज घेतलं. ही फसवणूक आहे का? खरं चेडर कुठलं? (तासगाव)

फसवणूक नाही. चेडर हे सॉमरसेटमधलं गाव. गावाला लागून चुनखडीची मोठी घळ आहे. तिथल्या गुहांत उन्हाळा-हिवाळा गारवा आणि ओल सारखीच राहते, म्हणून चीज मुरवायला त्या सोयीच्या. आजही गावात चीज होतं आणि त्यातलं काही त्या गुहांत ठेवतात.

पण हे नाव जगभर गेलं ते एका रीतीमुळे. दूध विरजून, रेनेट (दूध घट्ट करणारं पाचक द्रव्य) घालून घट्ट केलं, कापलं, तापवलं आणि निवळी काढून टाकली की तळाशी पनीरसारखा चोथा उरतो. तो चिकटून त्याची लादी होते. लादीच्या विटा कापायच्या आणि एकीवर एक रचायच्या. थोड्या वेळानं खालच्या वर, वरच्या खाली. पुन्हा तसंच. स्वतःच्याच वजनानं उरलीसुरली निवळी गळत राहते, आंबटपणा चढत जातो. हाताला आधी भुसभुशीत लागणारा चोथा शेवटी रेशेदार होतो, फाडला तर शिजलेल्या कोंबडीच्या मांसासारखे धागे सुटतात. मग त्याचा चुरा करून मीठ लावायचं, साच्यात भरून दाबायचं आणि काही महिने ते वर्ष-दीड वर्ष मुरू द्यायचं. या उलथापालथीलाच तिकडे 'चेडरिंग' म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात सॉमरसेटच्याच जोसेफ हार्डिंग या शेतकऱ्यानं ही रीत शिस्तीत बसवली. तोवर अंदाजपंचे चालायचं. त्यानं थर्मामीटर आणला, डेअरी लख्ख ठेवण्याचा आग्रह धरला. मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे, कारण त्यानं काहीही लपवून ठेवलं नाही. लांबून शिकायला येणाऱ्यांना त्यानं आणि त्याच्या घरच्यांनी हातचं न राखता शिकवलं. रीत स्कॉटलंडला गेली, अमेरिकेला गेली, आणि त्याबरोबर नावही सुटं झालं. आज जगात कुणीही कुठंही चेडर करू शकतं. संरक्षण आहे ते 'वेस्ट कंट्री फार्महाउस चेडर' या लांबलचक नावाला. ते सॉमरसेट, डॉर्सेट, डेव्हन आणि कॉर्नवॉल या चार परगण्यांतच व्हायला हवं.

तेव्हा तुमच्या पाकिटावरचं 'चेडर' हे जातीचं नाव समजा, गावाचं नव्हे. शाकाहारी असाल तर हिरवा ठिपका तेवढा बघून घ्या, कारण जुन्या रीतीत रेनेट वासराच्या पोटातलं असतं.

प्रश्न : माझी बेकरी आहे. बटाटा, कांदा, गाजर भरून मोठे पॅटीस करतो, चांगले खपतात. मुलगा म्हणतो, बोर्डावर 'व्हेज कॉर्निश पेस्टी' लिहू या. लिहावं का? (मिरज)

माझं मत विचाराल तर लिहू नका.

कॉर्निश पेस्टी म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमधल्या खाणकामगारांचं जेवण. दिसायला आपल्या करंजीसारखी, अर्ध्या चंद्राच्या आकाराची आणि कडेला मुरड घातलेली, पण तळहाताहून मोठी आणि भाजलेली. २०११ मध्ये तिला संरक्षण मिळालं तेव्हा कॉर्नवॉलच्या पेस्टीवाल्यांनी एकत्र बसून नियम लिहून काढले होते. आत गोमांसाचे तुकडे, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा पिवळट सलगम. मांस किमान साडेबारा टक्के, भाज्या किमान पंचवीस टक्के. सारण कच्चंच भरायचं आणि आवरणाच्या आत शिजू द्यायचं. मुरड कडेलाच, माथ्यावर नाही. कच्ची पेस्टी कॉर्नवॉलमध्येच भरलेली हवी; भाजण्याचं काम बाहेर झालं तरी चालतं. भाजीची पेस्टी तिथंही मिळते, पण संरक्षित नावाखाली ती येत नाही.

मुरडीबद्दल एक गोष्ट सगळीकडे ऐकू येते : कथलाच्या खाणीत आर्सेनिक असायचं, म्हणून कामगार मळक्या हातानं मुरड धरायचे, पेस्टी खायचे आणि मुरड टाकून द्यायचे. गोष्ट छान आहे, पण जुन्या छायाचित्रांत कामगार कापडात किंवा कागदी पिशवीत धरून अख्खी पेस्टी खाताना दिसतात. कष्टकरी माणूस भाजलेल्या पिठाचा तेवढा मोठा तुकडा फेकून देईल, हे मला तरी पटत नाही. एका कोपऱ्यावर नावाची आद्याक्षरं मात्र घालत, म्हणजे अर्धी ठेवली तरी कुणाची ते कळावं.

तुमच्या मुलाला एक गोष्ट सांगा. हे कामगार पोटामागे जगभर गेले. १८८० नंतर आपल्या शेजारच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींतही आले. त्याआधी १८२० च्या दशकात ते मेक्सिकोत रिआल देल मोंते आणि पाचुका इथल्या चांदीच्या खाणींवर गेले होते. तिथल्या लोकांनी पेस्टी उचलली, त्यात मिरची घातली, घेवडा घातला आणि तिला 'पास्ते' म्हणायला लागले. आज रिआल देल मोंते हे गाव पास्तेसाठी ओळखलं जातं, तिथं पास्तेचा मोठा महोत्सव भरतो. उसन्या नावावर राहिले असते तर ते कायम नकलाकार ठरले असते.

तुमच्या पॅटीसला मिरजेचं किंवा तुमच्या बेकरीचंच नाव द्या. खटकतंय ते एवढंच की सारण आधी शिजवून भरत असाल तर ते भाजताना कोरडं पडतं. एकदा कच्च्या सारणाचे करून बघा. बटाटा पातळ चकत्यांचा, मीठ-मिरी भरताना, आवरण जाडसर आणि घट्ट. भट्टी आधी कडक, मग मंद, मिळून पाऊण-एक तास. भाज्यांचं पाणी आतल्या आत मुरतं, चव वेगळीच येते.

प्रश्न : वूस्टरशर सॉस शाकाहारी असतो का? (सांगली)

मूळचा नाही. त्यात अँकोव्ही नावाचे छोटे खारवलेले मासे असतात. जॉन ली आणि विल्यम पेरिन्स या वूस्टरच्या दोन औषधविक्रेत्यांनी १८३७ मध्ये तो विकायला काढला. व्हिनेगर, काकवी, साखर, मीठ, कांदा, लसूण, मसाले आणि आपली चिंच! बंगालच्या गव्हर्नरनं मायदेशी परतल्यावर पाककृती दिली असं सांगतात, पण ज्या लॉर्ड सँडीजचं नाव घेतलं जातं तो बंगालचा गव्हर्नर कधीच नव्हता. चिंच मात्र खरी आहे. आपल्याकडच्या काही कंपन्या माशाशिवाय करतात. बाटलीवर हिरवा ठिपका असेल तर खुशाल घ्या. शेफील्ड शहरात 'हेंडरसन्स रेलिश' म्हणून असाच सॉस मिळतो, त्यात मासा नसतो. लेस्टरला मी तोच वापरायची.

प्रश्न : यॉर्कशर पुडिंग घरी केलं, पण फुगलंच नाही. काय चुकलं? (पलूस)

बहुतेक तूप-तेल पुरेसं तापलं नसेल. शाळेत आठवड्यातून एकदा आम्ही ट्रेच्या ट्रे काढायचो, त्यामुळे हे सांगायला मला अगदी हुरूप येतो.

मैदा, अंडी आणि दूध वाटीनं मोजून सारखंच घ्या, चिमूटभर मीठ घाला. गुठळी राहू देऊ नका. अर्धा तास तरी झाकून ठेवा. मफिनच्या ट्रेच्या प्रत्येक वाटीत चमचाभर तेल घालून ट्रे २२० अंशांच्या ओव्हनमध्ये रिकामाच ठेवा. तेलातून धूर निघू पाहतोय असं वाटलं की ट्रे बाहेर काढा आणि पीठ झटपट ओता. ओतताना चर्र आवाज यायलाच हवा. आला नाही तर ट्रे परत आत ठेवा, पुढे जाऊ नका. वीस मिनिटं दार उघडायचं नाही. वाफेनं कडा उंच चढतात आणि मधे खळगा राहतो. तो हवाच, रस्सा त्यात ओततात. २००८ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं तर जाहीरच केलं होतं की चार इंचांपेक्षा बुटकं ते यॉर्कशर पुडिंग नव्हे.

जुन्या काळी मांस जाळावर भाजताना खाली या पिठाची थाळी ठेवायचे, टपकणारी चरबी त्यात पडायची. हॅना ग्लास या बाईंनी १७४७ च्या आपल्या पाककृतींच्या पुस्तकात 'यॉर्कशर पुडिंग' या नावानं ते छापलं. गरिबाघरी हे आधी वाढायचे, म्हणजे पोट निम्मं भरावं आणि थोडंसं मांस सगळ्यांना पुरावं. आपल्याकडे पांढऱ्या रश्श्याबरोबर खाऊन बघा, फार छान लागतं.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे, बेदाणा करतो. सांगलीच्या बेदाण्याला मानांकन मिळून बरीच वर्षं झाली, पण आमच्या हातात भाव तोच. तिकडे या शिक्क्यांचा खरोखर फायदा होतो का? (कवठेमहांकाळ)

होतो, पण शिक्का मिळाल्यामुळे नव्हे. लोक त्यामागे उभे राहिल्यामुळे.

स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथचे धुरावलेले हॅडॉक मासे घ्या. मूळची ही रीत जवळच्या ऑखमिदी या कोळीवाड्यातली. तिथली कुटुंबं आर्ब्रोथला येऊन राहिली आणि नाव आर्ब्रोथचं झालं. दोन दोन मासे शेपटीला बांधून काठीवर टांगायचे, खाली लाकडाचा जाळ, वरून ओली गोणपाटं. २००४ मध्ये संरक्षण मिळालं ते आर्ब्रोथपासून आठ किलोमीटरच्या आत, याच रीतीनं केलेल्या माशांना. इंग्लंडमधल्या मेल्टन मोब्रे गावच्या 'पोर्क पाय' (पिठाच्या आवरणात डुकराचं मांस भरून भाजलेला पदार्थ) करणाऱ्यांनी मोठ्या कारखान्यांशी वर्षानुवर्षं भांडून २००८ मध्ये नाव मिळवलं. त्यांचा हा पदार्थ साच्याशिवाय भाजतात, म्हणून बाजू फुगीर. मांसाला रंग टिकवणारं मीठ लावत नाहीत, म्हणून आतून करडा. गिऱ्हाईक कापून बघतं आणि ओळखतं. यातच सगळं आलं.

उलटं उदाहरणही आहे. न्यूकॅसल ब्राउन एल या बिअरला २००० मध्ये संरक्षण मिळालं. पुढे कंपनीनं न्यूकॅसलमधला कारखाना बंद करून उत्पादन नदीपलीकडच्या गेट्सहेडला नेलं. नियम तर न्यूकॅसलचा! मग कंपनीनं स्वतःच अर्ज करून २००७ मध्ये संरक्षण रद्द करून घेतलं. नावाचा मालक एकटा असला की तो ते सोडूही शकतो. म्हणून नाव गावातल्या अनेकांच्या हातात असलेलं मला बरं वाटतं.

तुमच्यापुरतं सांगते. भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे मानांकन मिळालं तरी ते नाव कायद्यानं वापरण्यासाठी प्रत्येक उत्पादकानं 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावं लागतं. आपल्या भागात किती जणांनी केलंय, शेजारीपाजारी विचारून बघा. दुसरं म्हणजे तुमच्या शेडवर जे होतं ते लिहून ठेवा : वाण कोणता, डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटचं प्रमाण, रॅकवर किती दिवस, सावलीची जाळी कुठली, प्रतवारी कशी. सौद्यात तुमचा बेदाणा सीमेपलीकडच्या मालात मिसळला जातो तेव्हा तो वेगळा दाखवायला तुमच्याकडे काहीतरी हवं. पाच-दहा शेडवाल्यांनी एकच रीत ठरवून एकाच नावाच्या खोक्यात माल भरला तर बोलणी वेगळी होतात. एकट्यानं हे होणार नाही.

प्रश्न : काकू, भाऊ दिवाळीला लेस्टरहून येतोय. वाटेत खराब होणार नाही आणि घरात सगळ्यांना चालेल, असं तिकडच्या गावाच्या नावाचं काय मागवू? (सांगली)

केंडल मिंट केक. इंग्लंडच्या वायव्येकडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागाच्या वेशीवरच्या केंडल गावची ही पेपरमिंटची वडी : साखर, ग्लुकोज, पाणी आणि पेपरमिंटचं तेल. १९५३ मध्ये हिलरी आणि तेनसिंग यांनी ती एव्हरेस्टवर नेली होती. तुमच्याकडे सह्याद्रीत भटकणारं कुणी असेल तर त्याच्या सॅकमध्ये जाईल. त्याच भागातल्या ग्रासमिअरची जिंजरब्रेडही सांगा. सेरा नेल्सन या बाईंनी १८५४ मध्ये चर्चशेजारच्या जुन्या शाळेच्या छोट्या खोलीत ती करून विकायला सुरुवात केली, दुकान अजून तिथंच आहे. चावायला चिवट, आल्याचा झणका चांगला. डंडी केक टिकतो, पण त्यात अंडी असतात, आजींना आधी विचारा. चीज मागवू नका, मुंबईहून सांगलीपर्यंतच्या गाडीत ते घामेजतं. ग्रासमिअरचं दुकान पोस्टानं माल पाठवतं, तेव्हा भावाला निघण्याच्या बऱ्याच आधी फोन करा.